एकोणीस दिवसांचं रान

२०३९ सालच्या फेब्रुवारीत आमच्या कोंडशेतात माती वाचणारं यंत्र आलं. साल मला पक्कं आठवतं, कारण त्याच हिवाळ्यात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि कित्येक वर्षांनी मला डोंगरावरची झाडं वेगवेगळी दिसायला लागली होती. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होते, आता एक्क्याऐंशी. नातेवाईक म्हणतात, बाई, जुनं किती उगाळाल? पण ज्या फॉर्मात ही हकीकत लिहायची होती त्यात तिला जागाच नव्हती. म्हणून ती इथे लिहिते.

कोंडशेत म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याला चौतीस घरांची वाडी. खाली पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने भाताची खाचरं आणि वर उतारावर वरकस, म्हणजे हलकी जमीन. वरकसावर पूर्वी नाचणी, वरी व्हायची. माणसं मुंबईला गेली तशी वरकस ओस पडत गेली. मी वाडीतल्याच शाळेत एकोणतीस वर्षं शिकवलं. शेवटच्या वर्षी पटावर सहा मुलं होती.

मग २०२९ मध्ये माझा मुलगा महेंद्र आणि सून प्रणाली नालासोपाऱ्याची खोली सोडून परत आली. प्रणालीने वाडीतल्या बावीस बायकांना जमवून उतारावर करंज लावला. करंज आमच्याकडचंच झाड. त्याच्या बियांचं कडू तेल पूर्वी आम्ही खरजेला लावायचो. आता त्या तेलापासून विमानाचं इंधन बनत होतं. झाडं धरायला सहा वर्षं लागली, गाळपाचा घाणा बसला, महेंद्र तो चालवू लागला. माझी नात शाळेसाठी देवरुखला जाऊ लागली आणि संध्याकाळी घरी परत येऊ लागली. नात रोज संध्याकाळी घरी येते, हे सुख मी आयुष्यात उशिरा पाहिलं.

पण इंधन घेणाऱ्या कंपनीला नुसतं तेल चालत नव्हतं, तेलाबरोबर दाखला लागायचा. हे पीक घेण्यासाठी कुठलं रान तोडलेलं नाही, असा. जानेवारी २००८ ही हद्द. त्यानंतर ज्या जमिनीवरचं जंगल गेलं, तिथलं तेल बाद. नियम मला तेव्हाही चांगला वाटला होता आणि आजही वाटतो. बाहेरच्या देशांत अशा पिकांसाठी डोंगरच्या डोंगर बोडके केलेले मी टीव्हीवर पाहिले होते. माझं भांडण नियमाशी नव्हतं.

दाखल्यासाठी पाहणी करायला रेवती कुलथे आली. पस्तिशीची, नगरकडची, काळ्या मातीतली आणि ज्वारीवर वाढलेली मुलगी. आमच्याच पडवीत उतरली. पहिल्या दिवशी सोलकढी पिऊन म्हणाली, "बाई, हे ताक गुलाबी कसं?" मला ती तिथेच आवडली.

तिच्या पाठीवर शिवणयंत्राच्या पेटीएवढा डबा होता. जमिनीत पेन्सिलीएवढी नळी हातभर खोल घालायची, वर आलेली मातीची कांडी डब्यात सरकवायची. डबा त्या मातीतले कोळशाचे कण शोधायचा. लाकूड जळून कोळसा झाला तरी त्याच्या आतली नळ्यांची जाळी तशीच राहते आणि प्रत्येक झाडाची जाळी वेगळी असते. त्यावरून डबा सांगायचा, हा ऐन, हा किंजळ. आणि साल? ते रेवतीने मला छान समजावलं. फार वर्षांपूर्वीच्या अणुचाचण्यांमुळे हवेत एक जड कार्बन वाढला होता, तो नंतर दरवर्षी थोडा थोडा उतरत गेला. झाड वाढताना त्या वर्षीची हवा लाकडात साठवतं. म्हणून लाकडातला जड कार्बन मोजला की ते कुठल्या वर्षी वाढलं ते कळतं.

"म्हणजे माती खोटं बोलत नाही," मी म्हटलं.

"माती नाही बोलत, बाई," ती म्हणाली. तेव्हा मला वाटलं, मुलगी नुसतं बोलायचं म्हणून बोलते आहे.

नळी कुठे घालायची ते यंत्रच ठरवायचं. प्रत्येक बाईच्या जमिनीत एक जागा, चिठ्ठी टाकल्यासारखी. नळी घालण्याआधी यंत्र भोवतालच्या दहा मीटरांतली झाडं मोजून नोंद करायचं. एकवीस जमिनी हिरव्या आल्या. बाविसावी, नऊ फेब्रुवारीला तपासलेली, लाल आली. ती धुरपाबायची.

धुरपदा माझी चुलत जाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा मला डोक्यावर भारा घेता येत नव्हता. चढावर चालायचं, मान कशी ताठ ठेवायची, सगळं तिने शिकवलं. मी शाळेत लागल्यावर ती मला मास्तरीण म्हणायला लागली. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला पन्नास वर्षांत कळलं नाही.

यंत्राच्या पडद्यावर आलं: ऐन, किंजळ, कुंभा. कोळसा २००९ ते २०१७. निष्कर्ष: नैसर्गिक जंगल टप्प्याटप्प्याने तोडून जाळलं.

मी पडदा वाचला आणि हसले. "अगो, हा राब आहे," मी म्हटलं.

रेवतीने विचारलं, "राब म्हणजे?"

कोकणात भाताचं बी पेरायचं तो वाफा आधी भाजून घेतात. शिमग्याच्या आसपास उतारावरच्या झाडांची कवळं, म्हणजे पानांसकट कोवळ्या फांद्या, तोडून आणायच्या. वाफ्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर कवळं, त्यावर वाळलं गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट्या अंगाने विस्तव लावायचा, म्हणजे भडका न होता ते दिवसभर धुमसतं. तणाचं बी मरतं, राख मुरते, रोप तरारून येतं. झाड मरत नाही. शेंडा सोडून फांद्या घेतल्या की पुढच्या वर्षी पुन्हा फुटतात. धुरपाबाय शेंड्याला हात लावू द्यायची नाही. नवीन असताना मी एकदा ऐनाचा शेंडा छाटला, तेव्हा तिने माझ्या कमरेच्या आकडीत अडकवलेली कोयती काढून घेतली होती आणि आठ दिवस परत दिली नव्हती.

बाकीच्यांनी राब कधीच सोडले होते, खताच्या पिशव्या आल्यावर. धुरपाबायने २०१७ पर्यंत भाजला. वाफा वरकसाच्या कोपऱ्यात होता. पुढे तिने त्यावर करंजाची रोपं केली आणि नंतर जागा नाचणी वाळवायला मोकळी ठेवली. यंत्राची चिठ्ठी नेमकी त्या कोपऱ्यावर पडली होती.

रेवतीने माझं सगळं टिपून घेतलं आणि फॉर्म उघडला. कोळशाचं कारण निवडा: जंगलतोड, वणवा, वीज पडणे, कचरा जाळणे. चारच.

"'इतर' नाही?"

"नाही बाई. 'इतर'मध्ये लोक काहीही लिहायचे, म्हणून काढून टाकलं."

तिने 'कचरा जाळणे' निवडून पाहिलं. यंत्र म्हणालं, लाकूड जंगली आहे, पर्याय विसंगत. मग मी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. तिथेही माणूस नव्हता, गोड आवाजाचं यंत्र होतं.

"आपण जंगल का जाळलंत, ते सांगा."

"जाळलं नाही हो. तिथे जंगल नव्हतंच."

"धन्यवाद. जंगल का जाळलं हे आपल्याला सांगायचं नाही, अशी नोंद केली आहे."

मी फोन आपटणार होते, पण तो महेंद्रचा होता.

एक जमीन लाल म्हणजे सगळ्या गटाचा दाखला अडला. पण नियमात एक पळवाट होती, आणि प्रणालीने ती दुसऱ्याच दिवशी शोधली. दोष एकाच जमीनधारकाचा आहे असं वाडीतल्या एका ज्येष्ठ साक्षीदाराने लिहून दिलं, तर त्या धारकाला वीस वर्षं बाद करून बाकीच्यांना दाखला मिळायचा. लिहून द्यायला तीस दिवस. ज्येष्ठ साक्षीदार म्हणून गटाच्या कागदांवर पहिल्यापासून नाव होतं माझं.

संध्याकाळी प्रणाली चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी समोर बसले होते.

"आई, सही करा."

"काय म्हणून? धुरपाबायने रान जाळलं म्हणून?"

"तिने जाळलं नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक आहे. यंत्राला ठाऊक नाही." तिने भाकरी तव्यावर टाकली. "तिची वीस झाडं आहेत. बावीसशे झाडांतली वीस. आपण सगळ्या मिळून तिला आपल्यातलं देऊ. तिला काही कमी पडणार नाही."

"ती बाई चोर म्हणून नोंदली जाईल, प्रणाली."

"कुठे नोंदली जाईल? बाहेरच्या देशातल्या कॉम्प्युटरात! तिला वाचता तरी येतं का?" तिने भाकरी उलटली. मग खाली बघून म्हणाली, "मला परत नालासोपाऱ्याला नाही जायचं, आई. तिथे पाणी भरायला मी पहाटे उठायचे. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

मी चुलीत लाकूड सारलं. ती चूक नव्हती, यातच सगळी गोम होती. चूक असती तर मी तिला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

धुरपाबायला कुणीतरी सांगितलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठी टेकत आमच्या अंगणात आली. आधी रेवतीकडे पाहिलं, मग त्या डब्याकडे.

"हाच का तो? हा म्हनतो मी रान जाळलं?"

"आजी, तो कोळसा..."

"कोळसा माजाच हाय. मी कुटं नाय म्हनतंय? राब भाजला तर कोळसा व्हनार नाय तर काय, साबुदाना व्हनार?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय गो मास्तरीण, तुज्या यंतराला राब म्हाईत नाय, तर भाजून दाखवूया की. वर्गात पोरांना दाखवायचीस तसं."

मला ती कल्पना एकदम पटली. मी आयुष्यभर तेच केलं होतं, न कळणाऱ्याला करून दाखवायचं. रेवतीलाही पटली. नवा राब भाजायचा, त्याची माती यंत्राला वाचायला द्यायची आणि दोन्ही कोळसे सारखेच आहेत हे अहवालाला जोडायचं. फक्त ती म्हणाली, "हे शाळेच्या पटांगणात करूया. नोंद झालेल्या जमिनीत नको."

धुरपाबाय भडकली. "शाळंच्या पटांगनात कुनी राब भाजतं? शिमग्याची होळी हाय का ती? राब आपल्या वाफ्यातच भाजायचा. दुसऱ्याच्या जाग्यात आपन विस्तव नाय लावायचा."

आणि मी, शिकलेली बाई, म्हणाले, "बरोबर आहे. खऱ्या जागी केलं तरच खरं दिसेल." रेवतीने तोंड उघडलं होतं, मिटलं. आम्हा दोघींपुढे तिचं काय चालणार!

चार दिवस लागले. मी एकटी वर जाऊन कवळं तोडायचे, धुरपाबाय खाली उभी राहून काठीने फांदी दाखवायची. "ती नको. ती बाजूची. शेंडा सोड, मेले, शेंडा!" अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या, त्याहून जाड एकही नाही. बावीस वर्षांनी डोक्यावर भारा घेतला तेव्हा मानेतून कळ गेली आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. शेण पसरलं, कवळं, गवत, माती. धुरपाबायने ओंजळीतून धूळ सोडून वारा पाहिला आणि उलट्या बाजूने विस्तव लावला. तो वास मी विसरलेच होते. शेणाचा, हिरव्या पानाचा, भाजलेल्या मातीचा. प्रणाली कुंपणापाशी येऊन क्षणभर उभी राहिली आणि निघून गेली.

राख निवून मुरायला दहा-बारा दिवस दिले. मग अठ्ठावीस फेब्रुवारीला रेवतीने नळी घातली. डबा घुरघुरला. पडद्यावर ऐन आला, किंजळ आला, कुंभा आला. मी टाळी वाजवणार, तोच पडदा लाल झाला.

चालू वर्षी नैसर्गिक जंगल नष्ट. तातडीची नोंद. संपूर्ण गट स्थगित.

"हे काय?" मी विचारलं.

रेवतीचा चेहरा मातीसारखा झाला होता. "बाई, नोंदलेल्या जमिनीत यंत्र थेट वर पाठवतं. मी 'प्रात्यक्षिक' असं निवडलं होतं, पण ते फक्त नोंद नसलेल्या जागेत चालतं. मला वाटलं, थांबवता येईल."

म्हणून ती पटांगण म्हणत होती.

त्या संध्याकाळी प्रणाली ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला ताट वाढलं आणि म्हणाली, "एका जमिनीचा प्रश्न होता, आई. तुम्ही दोघींनी बावीस जमिनींचा केलात." महेंद्र मान खाली घालून जेवत होता. नातीने विचारलं, "आजी, तू जंगल जाळलंस?" मी ताट बाजूला सारलं.

पुढचे पंधरा दिवस मी अर्ज लिहीत होते. राब म्हणजे काय, हे तीन पानांत लिहिलं. परत आलं: मर्यादा सहाशे अक्षरांची आहे. सहाशे अक्षरांत लिहिलं. परत आलं: पुरावा जोडा. पुराव्याला वाडीतल्या अकरा म्हाताऱ्या माणसांच्या सह्या-अंगठे जोडले. परत आलं: तोंडी आठवण हा पुरावा नाही. रेवतीने एक चांगली गोष्ट सुचवली होती. लाकडाच्या वर्तुळांची वळणं पाहिली तर कळतं की कोळसा बुंध्याचा आहे की फांदीचा. बुंध्याची वर्तुळं जवळपास सरळ दिसतात, बारीक फांदीची गोल. यंत्राच्या कॅमेऱ्याला ते दिसतही होतं. पण कुणी त्याला ते विचारायला सांगितलंच नव्हतं. तिने तसं वर लिहिलं. तिला उत्तर आलं की सूचना पुढल्या आवृत्तीसाठी ठेवली आहे.

मी कावले होते. धुरपाबायच्या ओट्यावर जाऊन बसले आणि दोन्ही तारखांचे कागद तिला वाचून दाखवले. नऊ फेब्रुवारी: भोवताली दहा मीटरांत झाडं शून्य. अठ्ठावीस फेब्रुवारी: त्याच जागी जंगल नष्ट.

ती फणसाच्या आठळ्या सोलत होती. म्हणाली, "मग मदी वाडवलं कुनी?"

"काय?"

"रान गो. नऊ तारकेला नव्हतं म्हनतो. अट्ठावीसला मी जाळलं म्हनतो. मग मदल्या दिसांत वाडवलं कोनी? मीच ना? जाळल्याचं लिवतोस तर वाडवल्याचं पन लिव म्हनावं."

मी तिथेच ओट्यावर बसून लिहिलं. राबाचं नाव घेतलं नाही, आठवणींचं नाव घेतलं नाही. फक्त लिहिलं: आपल्याच यंत्राच्या दोन नोंदींनुसार श्रीमती धुरपदा यांनी एकोणीस दिवसांत ऐन-किंजळीचं जंगल वाढवून जाळलं. कृपया दोन्हींची दखल घ्यावी. जोड: आपल्याच दोन नोंदी. अर्जदार: जमीनधारक.

हा अर्ज परत आला नाही. त्यात तोंडी काही नव्हतं, सगळं यंत्राचंच होतं.

पण उत्तर यायला चौदा महिने लागले. तोवर इंधन कंपनीने गुजरातेतल्या कुठल्याशा गटाशी करार केला होता. आमचा घाणा बंद पडला. बिया झाडाखालीच पडून राहिल्या, उंदरांनीही खाल्ल्या नाहीत, इतक्या त्या कडू.

प्रणाली आणि महेंद्र २०४० च्या मे महिन्यात पनवेलला गेली, उत्तर येण्याच्या आदल्याच आठवड्यात. महेंद्र तिथे एका शीतगृहात कामाला आहे. प्रणाली दर रविवारी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते, त्या दिवसांबद्दल कधीच बोलत नाही. मीही काढत नाही. नात शिकून नोकरीला लागली. ती गणपतीला येते आणि दोन दिवसांत परत जाते.

रेवतीला त्या डब्याच्या कामावरून काढून कागदांवर बसवलं. वर्षभराने तिने नोकरी सोडली. आता ती एका कृषी महाविद्यालयात शिकवते. २०४७ मध्ये यंत्राची जी नवी आवृत्ती आली, त्यात फांदीची जाडी पाहिली जाते. फॉर्मात पाचवा पर्यायही आला आहे. तो आला त्या दिवशी तिने मला फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, बाई, तुमचा राब.

गटातल्या नऊ बायकांनी करंज तोडून काजू लावला. बाकीच्या झाडांना अजून बहर येतो.

धुरपाबाय २०४९ मध्ये गेली, त्र्याऐंशी वर्षांची होऊन. तिला त्या उत्तराचा शेवटपर्यंत राग होता. मी ते तिला वाचून दाखवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. लिहिलं होतं: सदर महिलेने एकोणीस दिवसांत जंगल वाढवल्याचा दावा तपासाअंती खोटा आढळला. सबब, या जागेवरील जंगल नष्ट झाल्याच्या दोन्ही नोंदी रद्द. गटावरील स्थगिती उठवण्यात येत आहे. खोट्या दाव्याची नोंद कायम राहील.

"म्हंजे सुटले मी?" तिने विचारलं.

"सुटलीस."

"आनि खोटी?"

मी कागदाची घडी घातली. तिने काठी उचलली, अंगण ओलांडलं आणि पायरीवरून मागे वळून म्हणाली, "मी कदी म्हनले गो, मी वाडवलं म्हनून? ते तूच लिवलंस."

लिहिलं मीच होतं. दाव्याखाली नाव मात्र तिचं आहे.